कवडीचा चौथा सड

शिवलिंगअप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे बघत नसत. चपला अंगणात सोडून सरळ गोठ्यात. तिथं चार-पाच महिन्यांपूर्वी वळू दाखवलेली कालवड दिसली की पाठीवरून हात फिरवत खाली बसायचे, एक सड दोन बोटांत धरून हलकेच पिळायचे, आणि आलेला थेंब बोटांत चोळून बोटं लांब करायचे. गुळाच्या पाकासारखी तार सुटली तर म्हणायचे, "गाभण हाय. चहा ठिवा." तार नाही सुटली तर चहासुद्धा न घेता उठायचे. त्यांची सून महानंदा हसत सांगायची, "मला बगाय आले तवा आदी आमची कालवड बगितली. तार सुटली म्हनून मी ह्या घरात आले, ताई."

औशाजवळच्या त्या गावी मी जनावरांची डॉक्टर म्हणून रुजू झाले, तेव्हा माझ्या दवाखान्यापेक्षा अप्पांच्या ओट्यावर गर्दी जास्त असायची. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं आणि तोंडात एकच पालुपद. "मालकाला काय इचारता? सडाला इचारा. माझ्या बोटाला लबाडी जमत न्हाई." मला राग लवकर येतो, आणि अप्पांना तो आणण्यात मजा वाटायची. पण जनावराच्या अंगावर काठी उगारलेली त्यांना खपत नसे, आणि एवढ्या एका गोष्टीवर मी त्यांचे सगळे अपराध माफ करायला तयार होते.

कवडी त्यांची देवणी जातीची कालवड. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. अप्पांच्या बायकोनं माहेराहून आणलेल्या गाईची ती नात. बायको गेली, त्या गाईचा वंशही एकेक करून संपला, आणि मागे उरली ही एकटी. "ह्या दावणीचं बी इतकंच उरलंय, डॉक्टरीणबाई," असं ते म्हणाले तेव्हा आवाजात थट्टा नव्हती. कवडी पहिल्यांदा माजावर आली तेव्हा मीच तिला देवणी वळूचं रेतन केलं होतं. नंतर ती उलटली नाही, म्हणजे पुन्हा माजावर आली नाही. दोन-अडीच महिन्यांनी मी लांब हातमोजा चढवून तपासायला गेले, तर अप्पा मध्ये उभे.

"पैलारूच्या पोटात हात? बिलकुल न्हाई. गाभ पडतो."

"अप्पा, मी हात घालून वासरू ओढायला नाही आले. आहे की नाही एवढंच बघते."

"जरा दम धरा. सडच सांगंल."

मी हातमोजा काढून पिशवीत कोंबला आणि चहा न घेता उठले. त्यांच्याच पद्धतीनं.

सडानं पुढे सांगितलं खरं. पाचव्या महिन्याच्या सुमारास तार सुटली आणि अप्पांच्या आनंदाला पारावार उरला नाही. ओट्यावर येईल त्याला ते गोठ्यात न्यायचे. "बगा, बगा. हातानं बगा." आणि येणारा प्रत्येकजण कवडीचा सड पिळून तार काढायचा. कुणाच्या हाताला शेण, कुणाच्या हाताला तंबाखू. मी एकदा ते पाहिलं आणि रस्त्यावरूनच ओरडले. कालवडीच्या सडाच्या तोंडाशी मेणासारखं बूच असतं, ते तिचं कुलूप आहे. तुम्ही रोज कुलूप काढून ठेवता आणि घाण आत जाते, असं मी त्यांना चार लोकांत सुनावलं.

"माझ्या आज्यापासून पिळायलाव," अप्पा म्हणाले. "कुनाची कास नासली?"

"नासते तेव्हा तुम्ही दृष्ट लागली म्हणता, म्हणून कळत नाही."

लोक हसले. अप्पा हसले नाहीत. पण पिळणं थांबलंही नाही.

मग एका सकाळी महानंदाचा फोन आला. "ताई, बिगीनं या. कवडी मागला पाय टेकंना. कासंला हात लावू दिईना."

मी गेले तेव्हा कवडी मान टाकून उभी होती. अंगात ताप, आणि कासेचा मागचा डावा भाग लालबुंद, टणक. आमच्याकडे या दुखण्याला दगडीच म्हणतात, आणि हाताखाली खरोखर दगडच लागत होता. त्या सडातून दूध नव्हे, पिवळट पाणी आणि गाठी आल्या. शेजारची म्हातारी म्हणाली, "नजर लागली बाई कुनाची तरी." मी अप्पांकडे पाहिलं. ते भिंतीला टेकून स्वतःच्या हातांकडे बघत होते.

माझ्या पिशवीत दोन प्रकारची औषधं होती. एक जालीम, सूज झपाट्यानं उतरवणारं. सड वाचायची थोडी आशा त्यातच होती. पण पोटात वासरू असेल तर त्यानं गाभ पडायची भीती. दुसरं साधं, वासराला न दुखावणारं, पण सडासाठी कदाचित पुरं न पडणारं. मी अप्पांना हे सगळं सांगितलं आणि म्हणाले, "आता तरी हात घालू द्या. तारेच्या भरवशावर मी ठरवणार नाही. तार कधीकधी रिकाम्या कालवडीलाही सुटते."

हात घातला आणि पुढे तापानं जरी गाभ पडला, तरी गाव ते माझ्याच हातावर घालणार, हे मला माहीत होतं. मला भीती वाटत होती, हे कशाला लपवू?

अप्पा पुढे आले. त्यांनी कवडीचं शेपूट धरून बाजूला केलं आणि म्हणाले, "घाला. जिम्मेदारी माझी."

तापलेल्या अंगात हात घातला तेव्हा कवडी थरथरली. मी हळूहळू चाचपत गेले. आधी गर्भाशयाकडे जाणारी शीर सापडली, बोटाखाली नुसती सळसळत होती. मग आणखी खाली काहीतरी टणक हाताला लागलं आणि बाजूला सरकलं. वासरू जिवंत होतं.

"आहे," मी म्हणाले. "तुमचं बोट खरं बोललं, अप्पा."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना ते कबूल केलं होतं, आणि ते ऐकून त्यांचा चेहरा पडला. जालीम औषध आता देता येणार नव्हतं, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

"सड जाईल?"

"बहुतेक."

"जाऊ द्या. पोटातलं ऱ्हाऊ द्या."

त्यानंतरचे दिवस मला आठवायला नको वाटतात. मी इंजेक्शनं देत होते, पण त्या सडातली घाण दिवसातून कितीतरी वेळा पिळून काढणं हाच मुख्य इलाज होता. ते काम अप्पांनी कुणाला करू दिलं नाही. साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन ते बसायचे. कवडी लाथ मारायची. एकदा लाथ त्यांच्या छातीत बसली आणि ते मागे कोलमडले, महानंदा धावली, तर "मला काय बगती? तिच्याकडं बग," म्हणून खेकसले. ताप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. रोज सकाळी गोठ्यात शिरताना माझी नजर आधी जमिनीवर जायची, तिथं काही पडलेलं तर नाही ना. एका सकाळी कवडीनं कडब्याला तोंड लावलं, आणि महानंदा तिथंच खाली बसून रडली.

कवडी दिवस भरून व्याली. कालवडच झाली, आईसारखे ठिपके घेऊन. गावानं पेढे मागितले, अप्पांनी वाटले. मी दुसऱ्या दिवशी बघायला गेले, तर ते कासेजवळ उकिडवे बसले होते. तीन सडांना चीक उतरला होता. चौथा सुकून लोंबत होता, आणि वासरू, का कुणास ठाऊक, वारंवार त्याच सडाला जात होतं. चोखायचं, ढुशी द्यायचं, पुन्हा चोखायचं. अप्पा दर वेळी त्याचं तोंड हातात धरून शेजारच्या सडाला लावत होते.

तेवढ्यात पलीकडच्या वाडीचा एक शेतकरी कालवड घेऊन आला. "अप्पा, जरा बोट लावून बगता का?"

अप्पांनी मान वर केली नाही. "डॉक्टरीणबाई हितंच हायेत. त्यांना हात घालून बगू द्या. सडाला कुनी शिवायचं न्हाई."

तो माणूस गोंधळून माझ्याकडे बघू लागला. मी पिशवीतून हातमोजा काढत होते. अप्पा जाऊन आता बराच काळ झाला, पण त्यांचं नाव निघालं की मला त्यानंतरचं त्यांचं बोलणंच ऐकू येतं. वासरू पुन्हा त्या मेलेल्या सडाला लागलं होतं. अप्पांनी त्याचं तोंड हलकेच सोडवलं आणि आम्हा कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू त्याला म्हणाले, "तितं काय न्हाई, माय. तुझं तितलं म्या खाल्लं."