भरलेल्या ट्रकचा ब्रेक

खांडवे गेल्याचा निरोप शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आला, तेव्हा मी आधी तो कुणी पाठवला हे तपासलं. मग त्याच्या घरी फोन केला. मागे रडणं ऐकू आलं तेव्हा कुठे विश्वास बसला... माझा स्वभावच तसा.

रायपुरातल्या एकाच शाळेत आम्ही दोघांनी वर्षानुवर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. प्रयोगाआधी तो हिंदी मुलांनाही आपल्या वऱ्हाडीतच म्हणायचा, "पहिले तुले काय वाटते ते कागदावर काढ. पुस्तक कुठं पळून नाही चाललं." अभ्यासक्रम मागे पडल्याचं हे सोज्वळ नाव, असं मला वाटे. शोकसभेत शिक्षण खात्याच्या साहेबांनी त्यालाच 'नवोपक्रम' म्हटलं. त्यांनी खांडवेचा एकही तास पाहिला नव्हता. मी पाहिले होते, आणि तरीही...

काही वर्षांपूर्वी अकरावीत असलेल्या पूनमचे वडील उरल्याच्या कारखान्यांतून लोखंडाचा ट्रक न्यायचे. पुस्तकातल्या गणितात भरलेला आणि रिकामा ट्रक सारख्याच अंतरात थांबत होते. ती म्हणाली, "नहीं सर, भरी गाड़ी में पापा बहुत पहले से ब्रेक दबाते हैं." खांडवे खूश. महिनाभरात तिनं सायकलचा ब्रेक लावून छोटी गाडी केली. वर विटा वाढवल्या की गाडी लांब जाऊन थांबे. गणितातली चाकं जाम होऊन घसरतात, इथं ती फिरत राहतात. ब्रेकची पकड तेवढीच, ओझं मात्र जास्त, असं तिचं म्हणणं. बरोबर होतं, म्हणूनच मला संशय आला. प्रदर्शनासाठी निवड करायला साहेब आले, तेव्हा मी हळूच म्हणालो, "सर का सिखाया हुआ है." गाडी प्रदर्शनाला गेली नाही. पूनम वर्गात बोलेनाशी झाली.

खांडवेला कळलं. "मले विचारायचं होतं ना बे! काहून पंचनामा केला?" चहा आम्ही पुढेही सोबत घेतला, त्यानं मला वर्गात मात्र पुन्हा बोलावलं नाही.

तेरावं झाल्यावर वहिनींनी त्याचं कपाट आवरायला मला बोलावलं. त्यात पूनमचे कागद निघाले. पहिल्यात ओझं ट्रकला पुढे ढकलत होतं, दुसऱ्यात रस्ताच गुळगुळीत झाला होता, तिसऱ्यात ब्रेक दमला होता. सगळं तिनंच खोडलेलं. खांडवेची फक्त समासात पेन्सिलीची प्रश्नचिन्हं. कागद उजेडाकडे धरून पाहिले, पुसलेलं उत्तर दिसतं का म्हणून. नव्हतं. शिकवून ठेवलेली पोर इतक्या परींनी चुकत नाही.

पूनमचा नंबर मिळवला आहे. काय बोलायचं ते आधी लिहून काढतो आहे. 'माझा गैरसमज झाला,' असं लिहिलं, समासात प्रश्नचिन्ह काढलं, आणि वाक्य खोडलं.