नळीचं दुसरं टोक

माझ्या नणंदेला सगळी गल्ली ‘काटकोन’ म्हणते. तोंडावर म्हणते, आणि तिला ते आवडतं. धंद्याने सुतार, अंबाड्यात कायम पेन्सिल खोचलेली. कोणाकडे गेली की पाणी प्यायच्या आधी त्यांची दारं उघडझाप करून बघणार. जन्मभर लोकांची घरं उभी केली आणि स्वतः भाड्याच्या खोलीत राहिली. साठी उलटल्यावर एकदाची जागा घेतली आणि लहानसं लाकडी घर बांधायला काढलं.

पायाचं काम अर्थातच माझ्या नवऱ्याकडे. तो गवंडी, तिचा थोरला भाऊ. आजवर ही दोघं पातळी काढायची ती पाण्याच्या नळीने. एक टोक त्याच्या हातात, एक तिच्या. दोन्हीकडे पाणी जिथे थांबेल ती पातळी. पण या खेपेला स्वयंपाकघराचं दार कुठे यावं यावरून दोघांचं वाजलं. तिच्या दाराशी याचा काय संबंध, हे मला अजून कळलेलं नाही. साहेब रुसले, दुसरं टोक खुंटीला बांधलं आणि एकट्यानेच पातळी काढली. नळीत हवेचा बुडबुडा अडकलेला, तो कोण बघणार? काँक्रीट सुकलं तेव्हा मागचा कोपरा चांगला दोन बोटं खाली होता.

नणंदेने मला बाजूला घेतलं. छपराच्या तयार कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे लाकडी त्रिकोणी सांगाडे, कारखान्यातून निघाल्या होत्या. भिंतींचे माथे एका पातळीत नसतील तर त्या बसणार नाहीत. आणि खोली सोडते म्हणून घरमालकाला सांगून ही मोकळी झालेली.

“दादाला कळलं तर तो अख्खा पाया फोडून परत घालेल, वहिनी. मग मी महिनाभर तुझ्याकडे.”

ही दोन भावंडं एका स्वयंपाकघरात महिनाभर? मी तोंडाला कुलूप घातलं.

तिने पायाचा सर्वांत उंच कोपरा शोधला, तिथून भिंतीची उंची धरली आणि चारी बाजूंनी सपाट दोरी ताणली. मग प्रत्येक उभा वासा त्याच्या जागेवर दोरीपासून पायापर्यंत मोजून कापला. पुढचे आखूड, मागचे लांब. भिंतीचे पाय वाकडे, डोकं सरळ.

नवरा बघायला आला तो खिडकीच्या भोकातून. तिने ठरवलेल्या दारातून पाऊल टाकणार नव्हता ना! या वयात एक पाय आत, एक बाहेर, आणि मी आपली त्याचं कोपर धरून उभी. वासे असे लहानमोठे का, त्याने विचारलं. लाकूडवाल्याने तसेच पाठवले, असं तिने ठोकून दिलं. मग तो बराच वेळ लाकूडवाल्याचा उद्धार करत बसला.

कैच्या आल्या आणि टोपीसारख्या बसल्या. नवरा शिडीवर चढला, खिशातली गोटी काढून भिंतीच्या माथ्यावर ठेवली. हलली नाही. खाली येऊन त्याने तीच जमिनीवर ठेवली. गोटी सावकाश निघाली आणि मागच्या कोपऱ्यात जाऊन टेकली.

नणंदेने अंबाड्यातली पेन्सिल काढली, परत खोचली. मी बाहेर बघत राहिले. हसले असते तर दोघंही माझ्यावरच उलटली असती.

“जमिनीवर सपाटीचा थर लागेल,” तो गोटी उचलत म्हणाला. “उद्या देतो. नळीचं दुसरं टोक तू धर.”

“धरते,” ती म्हणाली. “पण उद्या दारातून आत ये.”