डाव्या बाजूची कटकट

काका गाडी चालवायला कधी शिकले नाहीत, पण ती कशी चालवावी हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नसे. उभी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. दुसऱ्याची चूक दिसली की लाल पेन उघडायचं, त्याचाच पगार मिळायचा. आता माणूस निवृत्त झाला म्हणून त्याची खोड थोडीच निवृत्त होते! लाल पेन सुटलं आणि काकूंच्या गाडीतली डावी सीट हाती आली.

काकू पडदे शिवून घरोघर पोहोचवत. मागच्या सीटवर कापडाचे गठ्ठे, पुढे काका. गिअर बदल, अगं हळू, समोर सायकल. सायकल काकूंनाही दिसत असे; डोळे काय त्यांनी शोभेला लावले होते? एके दिवशी मात्र हद्द झाली. सिग्नल हिरवा झाल्याचं काकांनी तीनदा सांगितलं, तेव्हा काकू कडाडल्या, "आता घर येईपर्यंत एक शब्द जरी काढलात तर इथेच उतरवीन!"

काका गप्प बसले. पुढच्याच वळणावर, उजवीकडून येणाऱ्या ट्रककडे काकूंचं लक्ष असताना, डावं चाक फुटपाथच्या कडेवर धाडकन आदळलं. काका तरीही गप्प.

आणि मग गप्पच राहिले. चहा मागेनात, पेपरातल्या चुका वाचून दाखवीनात. काकूंनी मुद्दाम भाजीत मीठ दुप्पट घातलं, तीही मुकाट्यानं खाल्ली. आधी काकूंना बरं वाटलं, मग राग आला, आणि मग भीती वाटायला लागली. जे तोंड बंद व्हावं म्हणून इतकी वर्षं देव पाण्यात ठेवले, ते बंद झाल्यावर घर खायला उठलं. हा माणूस आता आपल्याशी बोलणारच नाही की काय? पण आपण आधी का बोलायचं? रुसून बसलेत, बसू देत.

त्यात गाडीतून नवाच आवाज यायला लागला. शेवटी काकूंनी ती मिस्त्रीकडे न्यायची ठरवली. काकाही येऊन डावीकडे बसले, तेवढं काही त्यांनी सोडलं नव्हतं.

मिस्त्रीनं विचारलं, "काय त्रास आहे, काकू?"

"कटकट."

"कुठून येते?"

"डावीकडून."

मिस्त्रीनं वाकून डावीकडे पाहिलं. तिथे काका बसले होते. "त्याला माझ्याकडे औषध नाही, काकू," तो अगदी समजुतीनं म्हणाला. "माझी बायकोही माझ्याबद्दल हेच म्हणते."

अरे बाबा, गाडीची कटकट, गाडीची! काकूंनी धडकेची हकिकत सांगितली. मग मिस्त्री कामाला लागला. सरळ रस्त्यावर गुणगुण येते का? नाही. म्हणजे बेअरिंग बरं असावं. खड्ड्यात खडखड? तीही नाही. वळतानाच आवाज येतो ना? त्यानं काकूंना मागे गठ्ठ्यांशेजारी बसवलं, स्वतः चालवायला बसला आणि मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल चक्कर मारली. कटकट, कटकट, कटकट. चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा गेला, असं त्यानं निदान केलं. आता एवढंच कळायला हवं होतं, की चाक समोरून आदळलं की तिरकं घासलं? समोरून असेल तर आतलं आणखी बरंच उघडावं लागणार होतं.

काकूंनी ते पाहिलंच नव्हतं. मिस्त्रीनं काकांना विचारलं. काका आपल्या चपलांकडे बघत बसले. त्यानं आवाज चढवून पुन्हा विचारलं, आणि मग मागे वळून हळूच म्हणाला, यांना कमी ऐकू येतं का?

"चांगलं ऐकू येतं," काकू म्हणाल्या. "बोलणं बंद आहे." आणि एवढं म्हणताना त्यांनाच ते सहन होईना. मग मिस्त्रीची कसली लाज! "अहो, बोला ना. चुकलं माझं. पुन्हा कधी गप्प बसा म्हणणार नाही."

एवढं मोठं वचन ऐकून मिस्त्रीनं काकूंकडे दयेनं पाहिलं.

काकांनी घसा खाकरला. "तिरकं. आधी टायर घासला, मग रिम आपटली. कडेचा एक दगड तिथे पुढे आलाय."

इतकं बारीक कसं दिसलं, असं मिस्त्रीनं विचारलं.

"चांगला लांबून दिसत होता."

काकू सीटच्या कडेवर आल्या. "दिसत होता? मग बोलला का नाहीत?"

"तू शब्द काढू नका म्हणालीस."

"आणि नंतर? इतके दिवस?"

काका काचेतून बाहेर बघत राहिले. "नंतर कुठल्या तोंडानं बोलणार होतो?"

काकूंनी मागून हात घालून त्यांच्या दंडाला कचकचून चिमटा काढला, आणि मग तो हात तिथेच राहू दिला.