पोलिनायुडूचं पागोटं

गेल्या आश्विनात आमच्या गावात पंचावन्न वर्षांचा माणूस दत्तक गेला. मी तिथे होतो. अजून खरं वाटत नाही.

त्याचं नाव लेंका पोलिनायुडू. लेंका हे घराणं. पोलि हे पोलेरम्मा देवीवरून. राहिला नायुडू. तो आमच्याकडे बहुतेकांना आहे. माझ्याही नावामागे आहे. आजोबांनी वडलांना शाळेत घालताना तो चिकटवून घेतला.

म्हातारे सांगतात, पूर्वी तो गावात एकालाच होता. लेंकांच्या कुठल्याशा पूर्वजाने राजासाठी भालेकऱ्यांची तुकडी सांभाळली. राजाने स्वतःच्या हाताने त्याला पागोटं बांधलं आणि नायुडू म्हटलं. ते थोरल्याकडून थोरल्याकडे जात राहिलं. पुढे भालेकरीही स्वतःला नायुडू म्हणवू लागले. मग कुळं, मग होडीवाले, मग दुकानदार. रंगूनच्या भातगिरण्यांत कामाला जाणारा जहाजावर चढताना नुसता अप्पन्ना असायचा, उतरताना अप्पलनायुडू. नाव असं सगळीकडे गेलं. पागोटं मात्र एकच राहिलं. जत्रेत पोलेरम्मापुढे पहिला नारळ पागोट्याचा.

पोलिनायुडूला सारं गाव पोलिमामा म्हणायचं. तो दुसऱ्यांच्या गुऱ्हाळांवर गुळव्या होता. मी एम.ए. होऊन नोकरीविना परत आलो आणि संध्याकाळी त्याच्या चुलवणापाशी चिपाडांवर बसू लागलो. तो मला 'एम्ये' म्हणायचा.

"काय एम्ये, पुस्तकात नोकरी सापडली का?"

"नाही, मामा."

"मग काकवी खा."

चहाच्या टपरीवर त्याची रोज चेष्टा व्हायची, नावाला मुद्दाम मानाचं 'गारू' लावून.

"या, नायुडूगारू! कुठले तुम्ही? पागोट्याचे की रेशनकार्डाचे?"

"रेशनकार्डाचा," मामा म्हणायचा. "साखर तुझ्याइतकीच मिळते."

सगळे हसायचे. तो हसायचा नाही.

त्याचा बाप सूरिनायुडू हा थोरला मुलगा. रंगूनला होता. इकडे सूरिनायुडूचा बाप, तेव्हाचा पागोटंवाला, वारला. पागोटं अकराव्या दिवशी बांधावंच लागतं, म्हणून धाकट्याला बसवलं, दालिनायुडूला. थोरला येईपर्यंत जागा धर, एवढंच. मग युद्ध रंगूनपर्यंत आलं. सूरिनायुडू डोंगर तुडवत चालत घरी आला. जत्रेत पूर्वी बापाबरोबर जायचा त्या सवयीने पुढे गेला. दालिनायुडूने त्याला कोपराने सरकवलं.

"अण्णा, मागे."

तो मागे गेला. त्यानंतर दर जत्रेत तो देवळाच्या दाराशी, लोक चपला काढतात तिथे उभा राहिला. मरताना पोलिमामाला एवढंच म्हणाला, "पागोटं घरी आण."

गेल्या आश्विनात दालिनायुडूचा मुलगा सिंहाद्रिनायुडू वारला. बापामागे पागोटं त्याच्याकडे होतं. त्याला मूलबाळ नव्हतं. चावडीवर पंच बसले. आता पागोटं पोलिमामाचंच, असं मला वाटलं. त्यालाही वाटलं. त्या दिवशी तो काहील सोडून धुतलेला शर्ट घालून आला होता.

"पागोटं मुलाला बांधतात," वयाने मोठे पंच म्हणाले. "चुलतभावाला नाही."

"मग?"

"तवुडम्माने तुला दत्तक घ्यावं. मुलगा म्हणून अकराव्याला बस."

तवुडम्मा सिंहाद्रिनायुडूची विधवा. पोलिमामाची वहिनी. त्याच्याहून सहा-सात वर्षांनी लहान.

मागून कोणी तरी म्हणालं, "पाळणा मजबूत आणा रे!"

मला वाटलं, मामा उठून जाईल. तो बसून राहिला. तवुडम्मा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. डोळे सुजलेले. तरी तिच्या जिभेची धार गेली नव्हती.

"भाऊजी, काल मला वहिनी म्हणत होता. उद्या आई म्हणाल. मांडीवर बसणार की कडेवर?"

"तुम्हाला चालेल का?" मामाने विचारलं.

"मला काय. घरात पुरुष नसला की ह्या लोकांना माझं अंगण मोकळं दिसतं. तुमचंच बघा. एकदा ह्या घरचे झालात की त्या घरचे उरणार नाही."

हे तिने स्पष्ट सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं.

अकराव्याच्या सकाळी तळ्यावर आधी दत्तकाचा विधी झाला. विधी सांगणारा दासरी अडला.

"मुलगा आईबाप देतात. ह्याला देणार कोण?"

सूरिनायुडू जाऊन वीस वर्षं झालेली. आई त्याच्याही आधी गेलेली.

"मीच मला देतो," मामा म्हणाला.

कोणी हसलं नाही. तवुडम्माने त्याच्या ओंजळीत हळदीचं पाणी ओतलं. तो ते प्यायला. मग त्याचं डोकं भादरलं. पिंडापुढे बसवलं.

"बापाचं नाव?"

मामा तळ्याकडे बघत राहिला. दासरीने पुन्हा विचारलं.

"सिंहाद्रिनायुडू."

"त्याच्या बापाचं?"

"दालिनायुडू."

ते नाव त्याच्या तोंडून मी कधी शिवीशिवाय ऐकलं नव्हतं.

पागोटं बांधलं. दवंडीवाल्याने ढोल वाजवून वंश पुकारला. "दालिनायुडूचा सिंहाद्रिनायुडू! सिंहाद्रिनायुडूचा पोलिनायुडू!" त्यात सूरिनायुडू नव्हता.

दुसऱ्या दिवशी मामा टपरीवर आला.

"या, बाळ! दूध घालून की कोरा?"

"कोरा," तो म्हणाला.

पुन्हा तो टपरीवर दिसला नाही.

संक्रांतीला आमच्याकडे घरोघरी वारलेल्या थोरांना जेवू घालतात. भिंतीला हळदीचा टिळा, खाली नवं धोतर, पुढे पान. घरचा पुरुष नाव घेऊन हाक देतो. मामाने तवुडम्माच्या मोठ्या घरी दालिनायुडूला हाक दिली, सिंहाद्रिनायुडूला दिली. मग माझ्याकडे आला. डोक्यावर पागोटं होतं.

"एम्ये, घरी चल. माझ्या जुन्या घरी."

तिथे त्याच्या बायकोने, नारायणमामीने, भिंतीपुढे पान वाढलं होतं. भात, मटण, वडे. नवं धोतर घडी घालून ठेवलं होतं. ती आमच्याकडे न बघता आत गेली.

"हाक दे," मामा म्हणाला.

"मी?"

"बाईने द्यायची नसते. माझी ह्या भिंतीला चालत नाही."

"मामा, मी त्यांचा कोण?"

"कोणी नाहीस. मी तरी आता कोण आहे? तुझ्या नावामागे नायुडू आहे ना? तेवढं पुरे."

चिकटवलेला, असं मला म्हणायचं होतं. म्हटलं नाही. मी भिंतीपुढे बसलो.

"सूरिनायुडूगारू, या. जेवा."

मागे वळून पाहिलं. मामा आत आला नव्हता. दाराशी, चपला काढतात तिथे उभा होता.