वंशावळीतलं पांढरं वर्तुळ

दर वर्षी आनुवंशिकतेचा धडा आला की मी कॉलेजच्या ग्रंथालयातून ते जुनं पुस्तक काढते. आत घडी घातलेला मोठा कागद आहे, एका गरीब कुटुंबाच्या वंशावळीचा. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळं म्हणजे बायका. अभ्यासकांनी शेजारीपाजारी चौकशी केली आणि जो दारुडा, चोर किंवा वेडा निघाला त्याची खूण काळी केली. दोष रक्तातच असतो, हे त्यांना दाखवायचं होतं. हे शास्त्र कधीच खोटं ठरलं, असं मी मुलांना शिकवते.

आज झाडलोट करणाऱ्या शेवंताबाई कागदावर वाकल्या, तेव्हा या खुणा कशा काळ्या केल्या ते मी त्यांना सांगितलं. मामा वेड्यांच्या इस्पितळात वारला म्हणून त्यांच्या मुलीचं स्थळ दोनदा मोडलंय.

"आमच्याकडंपण पाहुणे असंच शेजारी विचारून गेले," त्या म्हणाल्या.

माझ्या मुलासाठी स्थळ आलं तेव्हा मीही फोन करून विचारलं होतं, "मुलीच्या आजोळी कुणाला काही नाही ना?"

कागदाच्या तळाशी एकच वर्तुळ पांढरं होतं. शेवंताबाईंनी त्यावर बोट ठेवलं.

"मॅडम, ही सुटली का हो?"

"नाही. ती तेव्हा पाळण्यात होती."

"म्हणजे भरायची राहिलीय," त्या म्हणाल्या आणि झाडू घेऊन पुढच्या कपाटाकडे गेल्या.