आमसुलाने घासलेला रवळनाथ

धाकू परब आमच्या संग्रहालयाचा पहारेकरी. संपात त्याची गिरणी बंद पडली ती पडलीच, तेव्हापासून तो चारकोपहून अंधेरीला येऊन इथल्या स्टुलावर बसायचा. इंग्रजी राज्याचा इतिहास सांगणारं हे एका ट्रस्टचं संग्रहालय. साहेबांच्या टोप्या, तलवारी, आणि गावोगावच्या देवळांतून त्यांनी खुशाल उचलून नेलेले देव. मी तिथला कारकून.

सत्त्याऐंशी साली कोठीतला एक पितळी मुखवटा काचेच्या कपाटात मांडला. धाकू ताडकन उठला.

"अरे, ह्यो आमचो रवळनाथ!"

मी हसलो. कोकणात रवळनाथ काय एकच आहे? पण मुखवटा उलटा केला, तर मागे काळ्या शाईत, इंग्रजीत धाकूच्याच गावाचं नाव आणि साल, १८५९. मी ते वाचून दाखवलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगू, माझेही आले.

गावाने अर्ज केला. ट्रस्टचं उत्तर आलं, की सोमवारी समिती मुखवटा तपासेल, पुरावा असेल तर परत देऊ. गावचे मानकरी गुणाजी देवाला गुंडाळून न्यायला लाल कापड घेऊनच मुंबईत आले.

सोमवारी अध्यक्षांनी मुखवटा उलटा केला. मागची बाजू नव्या परातीसारखी चकचकीत. एक अक्षर नाही. मी धाकूकडे बघितलं. तो खूश!

"काल आमसूल नि राख लावन घासलंय, मागसून-फुडसून," तो मला म्हणाला. "जत्रेआधी आमी असोच घासतव. देव घराक चल्लो, मळक्या तोंडान कसो जातलो?"

नोंदवहीत एवढंच होतं: पितळी मुखवटा, कोकण. मी हात जोडून म्हणालो, "साहेब, मी स्वतः वाचलंय."

"लिहून ठेवलंत का?"

जन्मभर दुसऱ्यांच्या पत्रांच्या नकला करणारा मी गाढव. तेवढी एक ओळ उतरवून घ्यायचं मला सुचलं नाही. त्याची चीड अजून जात नाही.

मुखवटा पुन्हा कपाटात गेला, कुलूप लागलं. "पण देव आमचोच मां?" गुणाजी ज्याला त्याला विचारत होते. शेवटी पाया पडायला म्हणून ते वाकले आणि त्यांनी काचेवर दोन्ही हात टेकले. अध्यक्ष तिथेच उभे होते. त्यांनी धाकूकडे नुसतं पाहिलं.

धाकू पुढे झाला. मान खाली घालून म्हणाला, "काकानू, काचेक हात लावू नकात."