डेस्लीची मोजणी

डेस्ली हॅनिगन शिडीला घाबरते. घरातला दिवा गेला की मला फोन करते. हीच बाई जूनमध्ये, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, सकाळी सात वाजता, दारं काढून टाकलेल्या हेलिकॉप्टरच्या मागच्या बाकावर बसून रानडुकरं शोधते. मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर माझाही विश्वास बसला नसता. नवऱ्याचा जुना कोट, दोन स्वेटर, कानावर टोपी आणि त्यावर हेडफोन. लोकरीचा गठ्ठा चुकून हेलिकॉप्टरमध्ये चढवला असावा, असं दिसतं.

एकतीस वर्षं तिने आमच्या भागात शाळेची बस चालवली. मुलं मोजून पूर्ण भरल्याशिवाय गाडी हलत नसे. एकदा एक मूल कमी भरलं म्हणून ती बावीस किलोमीटर मागे गेली. ते मूल त्या दिवशी शाळेतच आलेलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर ती शरीराची ऊब दाखवणारा कॅमेरा चालवायला शिकली. पडद्यावर थंड जमीन काळी, जनावर पांढरं. नील हेलिकॉप्टर चालवतो, क्लेम गोळ्या घालतो आणि डेस्ली मागून मोजते. आधी कळपात किती होती आणि नंतर किती पडली. आकडा जुळला नाही की, "मागे फिरव."

क्लेमला हे मानवेना. तासाला किती डुकरं, यावर त्याचं नाव होतं, आणि ते घसरलं. त्याने लेखी तक्रार केली. गुरुवारी जिल्ह्याचा अधिकारी माझ्या कुरणावर येऊन ऐकणार आणि डेस्लीची जागा ठेवायची की नाही ते ठरवणार होता.

"काढलं तर मी दिवसभर काय करू?" आदल्या दिवशी तिने मला विचारलं. "तुझ्याकडे येऊन बसू?"

"तसं नको," मी म्हणालो. माझ्या मेंढ्या दहा दिवसांत विणार होत्या. नुकती जन्मलेली कोकरं रानडुकरं सोडत नाहीत, खातात. तरी त्या घडीला मला डेस्लीचीच जास्त काळजी वाटली.

गुरुवारी गवतावर हिव पडलं होतं. इंधनाच्या गाडीपाशी मी आणि अधिकारी रेडिओ लावून उभे होतो. नदीकाठच्या झुडपांवरून गोळ्यांचे आवाज आले आणि थांबले.

"चौदा," क्लेमचा आवाज. "सगळी आडवी. चल पुढे, नील."

"पंधरा होती," डेस्ली म्हणाली.

"पंधरावं तुझ्या चष्म्यावरचं बीट असेल. सँडविच खाताना नीट खात जा."

"बीट गार असतं. हे गरम आहे. मागे फिरव, नील."

"बाई गं, नऊ वाजता जमीन तापली की तुझा पडदा सगळा पांढरा होणार! पुढे अख्खा कळप बाकी आहे!"

"मग वाद कशाला घालतोस? फिरव."

अधिकाऱ्याने घड्याळाकडे पाहिलं. वर हेलिकॉप्टर वळलं.

रेडिओवर पंख्याची घरघर वाढली.

"डावीकडे, जाळीच्या आत," डेस्ली म्हणाली. "डुकरीण दिसली?"

"नाही... हो." क्लेमचा आवाज बारीक झाला. "मागचे पाय गेलेत तिचे. ओढत चाललीय."

दोन गोळ्या.

"झालं," क्लेम म्हणाला.

"थांब. बघू दे." नीलने वरच घिरट्या घातल्या. मग तिचा आवाज आला, "हं. आता झालं."

"किती वेळ राहिली असती गं तशी?" क्लेमने विचारलं.

"दोन दिवस. तीनसुद्धा. आणि जगली असती तर बाकीच्यांची शाळा घेतली असती, की वरून घरघर आली की झुडपात मान घालून गप्प पडा. पुढच्या वर्षी तू वरून शिट्ट्या मारत बसला असतास."

नील हसला.

इंधन घ्यायला ते उतरले तेव्हा आठ वीस झाले होते. डेस्ली जागेवरून उठली नाही. अधिकारी आपल्याबद्दलच बोलणार हे तिला ठाऊक होतं. ती हातमोज्याची शिवण उसवत बसली. अधिकाऱ्याने कागद काढला.

"तुमची तक्रार, क्लेम."

क्लेमने कागद लांब धरून पाहिला. "अक्षर माझं नाही. बायकोचं आहे."

"सही?"

"सही माझी." त्याने कागदाची घडी करून खिशात घातली. "दोन हंगाम तिच्याशिवाय उडालोय मी. किती मागे राहिली असतील, कोणास ठाऊक. मी मोजलीच नाहीत."

"मग हिची जागा?"

"ती सांगेल तिथे मी फिरतोय, साहेब, तुम्ही मलाच विचारता?" मग तो मागे वळून ओरडला, "डेस्ली, थर्मासमधला चहा दे! आणि आज मलाही, तिघांपुरता असू दे!"

"तुझा वाटा मी प्यायले," ती म्हणाली. "तक्रार केलीस ना?"

नील पंखा सुरू करत होता. नऊला अजून अर्धा तास होता. अधिकाऱ्याने टोपी हाताने धरली आणि आम्ही दोघे वाकून मागे सरकलो.